प्रतिसाद: स्टायलसच्या गोळीचं मटेरियलही बघा

सीएमएमसाठी (जॉबला, म्हणजे मापायच्या भागाला, स्पर्श करून मापं घेणारं कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन) स्टायलस कसा निवडावा, या चर्चेत स्टायलस (टोकाला गोळी असलेली, जॉबला टेकणारी काडी) आखूड आणि ताठ हवा, गोळी शक्य तेवढी मोठी हवी, हे वर आलंय आणि ते बरोबरच आहे. पण गोळी कशाची आहे, याबद्दल अजून कोणी बोललेलं नाही. सीएमएमवर सरसकट रुबीच लावली जाते. टच ट्रिगरने (टेकताच पॉइंट नोंदवणाऱ्या प्रोबने) एकेक पॉइंट घ्यायचा असेल तर ती उत्तमच. ॲल्युमिनियमच्या जॉबवर स्कॅनिंग (गोळी पृष्ठभागावर सतत सरकवत मापणं) करताना मात्र ती दगा देते. रुबी म्हणजे मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइड. एकाच जागी घासत राहिली की जॉबचं ॲल्युमिनियम तिच्यावर चिकटत जातं. भिंगाखाली धरलीत तर करडा डाग स्पष्ट दिसतो. गोळी तेवढी फुगते, पण सॉफ्टवेअर कॅलिब्रेशनच्या वेळची त्रिज्याच धरून चालतं. म्हणून मापात बोअर (भोक) लहान येतो, शाफ्ट (दांडा) मोठा, आणि दोष विनाकारण मशीनिंगवर जातो!

ॲल्युमिनियम स्कॅन करायला सिलिकॉन नायट्राइडची गोळी घ्या. तीच स्टीलवर मात्र झिजते, तिथे रुबीच बरी. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) स्कॅनिंगला झिर्कोनियाची गोळी. आणि मोठ्या स्कॅननंतर रेफरन्स स्फिअरवर (कॅलिब्रेशनसाठीच्या अचूक गोलावर) फॉर्म एरर (आकार गोलापासून किती ढळलेला दिसतो ते) तपासाच. तो वाढलेला दिसला तर आधी गोळी पुसून पुन्हा कॅलिब्रेट करा, मगच मशीनिंगच्या ऑफसेटला (टूलच्या मापातल्या दुरुस्तीला) हात लावा.