घरचा ग्रुप : विहिरीला कुलूप घालायचं का?

थोरले दादा (गाव): आपल्या विहिरीला अजून दोन परस पाणी आहे. माण तालुक्यात यंदा एवढं कुठंच नाही. खालच्या आळीची माणसं घागरी घेऊन येतायत. कुलूप घालू का? सगळ्यांनी बोला.

सोनू (पुणे): घाला दादा. डाळिंबं जळतील. टँकर येतो ना?

थोरले दादा: चार दिवसांतून एकदा.

आत्या: बहात्तरला मी दहा वर्षांची होते. तेव्हा विहिरीला पाणी होतं, पण कणगीत दाणा नव्हता. आई-अण्णा पाझर तलावाच्या कामावर जायचे, खडी फोडायला. रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. थापताना भाकरीच्या कडा चिरायच्या, म्हणून आई आधी पिठाची उकड काढायची. कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. शेजारी एक बाळंतीण होती, तिला कामावर जाता येत नव्हतं. आजी रोज तिच्या घराकडं बघायची. धूर दिसला नाही की मला वाटी घेऊन धाडायची.

काका (मुंबई): ताई, डोळ्यांत पाणी आणलंस. पण मजुरी हातात पडली म्हणूनही गाव तगलं, हे पोरांना कळू दे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात 1965 सालीच रोजगार हमीचा प्रयोग केला होता. बहात्तरच्या दुष्काळात ती कामं राज्यभर निघाली, 1977 ला कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला.

धाकटी वहिनी: आत्या, तेव्हा खालच्या आळीला आपल्या विहिरीवर येऊ देत होते?

आत्या: नाही गं. आपलीच माणसं वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायची. तोवर त्या बायका उन्हात उभ्या. मीही ओतलंय. मघाशी सांगायचं टाळलं मी.

धाकटी वहिनी: मग आता त्यांच्यासमोर कुलूप नको. पुन्हा तेच होईल.

सोनू: चुकलं माझं. दादा, यंदा डाळिंबाचा मृग बहार धरू नका, फळं नकोत. झाडं जगण्यापुरतं पाणी द्या. खर्चाचं मी बघतो.

थोरले दादा: बरं. मोटार पहाटे तासभरच लावतो. दिवसभर विहीर सगळ्यांना मोकळी. उद्या रहाट दुरुस्त करून घेतो.

आत्या: दोर नवा घे रे. जुन्यानं हात सोलतात.