टॅरोमध्ये टेन ऑफ कप्स सरळ आले, पण घर दोन ठिकाणी झाले आहे : अर्थ कसा लावावा?

कृष्णाकाठची, सांगली

नमस्कार. आमचे सासरचे जुने घर सांगलीच्या गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्याचा खालचा मजला पाण्यात गेला. त्यानंतर आम्ही विश्रामबागेत भाड्याने राहायला आलो आणि दीर-जाऊबाई मिरजेला गेले. भांडण असे कोणाचेच नाही. पण सणवार वेगवेगळे होऊ लागले, आणि आता जुने घर विकायचे की दुरुस्त करून पुन्हा एकत्र राहायचे, या विषयावर दोन्हीकडे बोलणेच टाळले जाते.

‘आमच्या घरातले पूर्वीचे समाधान परत येईल का?’ हा प्रश्न मनात धरून मी रायडर-वेट या टॅरो कार्डांच्या डेकमधून तीन कार्डे काढली. फाइव्ह ऑफ कप्स, एट ऑफ कप्स आणि टेन ऑफ कप्स अशी ती ओळीने आली, आणि तिन्ही सरळ आली. मी ज्यांच्याकडे शिकते त्यांचे म्हणणे असे, की टेन ऑफ कप्स म्हणजे कुटुंब एका छपराखाली येणारच, तेव्हा घर विकू नका. माझे मन हा अर्थ स्वीकारत नाही, पण का स्वीकारत नाही हे मला नीट मांडताही येत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

अजिंक्यतारा, सातारा

ताई, अर्थाची यादी बाजूला ठेवून आधी चित्र निरखून पाहा. नवरा-बायको पाठमोरे उभे आहेत. त्याचा एक हात तिच्याभोवती आहे, आणि दोघांचाही मोकळा हात वर, इंद्रधनुष्याकडे उचललेला आहे. दहाही चषक त्या इंद्रधनुष्यात आहेत. कोणाच्या हातात एकही नाही. शेजारी दोन मुले हात धरून नाचत आहेत आणि आकाशाकडे त्यांचे लक्षही नाही. हा डेक तयार करवून घेणारे ए. ई. वेट यांनी १९१० मधील आपल्या पुस्तकात हे आवर्जून नोंदवले आहे, की मुलांनी तो चमत्कार पाहिलेलाच नाही, तरी ती आपल्या परीने आनंदात आहेत. मला हा या कार्डाचा गाभा वाटतो. एका कुटुंबातील माणसांनी एकाच गोष्टीकडे पाहून सुखी व्हावे, अशी अट हे चित्र घालत नाही. आणि घर? ते मागे, झाडांमध्ये, लहानसे दिसते. चारही माणसे घराबाहेर, उघड्यावर आहेत. एका छपराचे वचन या चित्रात शोधणे मला ओढूनताणून केल्यासारखे वाटते.

याच्या आधीचे नाइन ऑफ कप्स आठवून पाहा. तेथे एकच गृहस्थ हाताची घडी घालून बसला आहे आणि त्याच्या मागे चषक ओळीने मांडलेले आहेत. त्या कार्डाला इच्छापूर्तीचे कार्ड म्हणतात, परंतु ती पूर्ती एकट्याची आहे. दहाच्या कार्डातील समाधान वाटून घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही. तुमचा प्रश्न ‘माझे’ असा नसून ‘आमच्या घरातले’ असा होता, आणि त्यावर नऊ न येता दहा आले, याला मी महत्त्व देईन.

वेट यांनी दिलेल्या अर्थांमध्ये मनाची संपूर्ण विश्रांती आणि मानवी प्रेमाची व मैत्रीची परिपूर्णता हे अर्थ सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्याच पुढे आणखी एक अर्थ दिला आहे, जो फारसा कोणी सांगत नाही : प्रश्न विचारणारा जेथे राहतो ते गाव, शहर किंवा देश. सांगली आणि मिरज यांमध्ये अंतर ते किती! दोन घरांची माणसे मनात आणले तर रोज संध्याकाळी भेटू शकतात.

हळदपेठ, सांगली

वरील विवेचनाशी सहमत आहे. फक्त पहिल्या कार्डाकडे लक्ष वेधतो. फाइव्ह ऑफ कप्समधील काळ्या झग्यातली व्यक्ती सांडलेल्या तीन चषकांकडे पाहते आहे, आणि उभे असलेले दोन तिच्या पाठीमागे आहेत. वेट यांनी येथे ‘हानी, पण काहीतरी शिल्लक’ या अर्थासोबत वारसा आणि वडिलोपार्जित मालमत्ता हेही अर्थ दिले आहेत, आणि तोही वारसा अपेक्षेप्रमाणे हाती न येणारा. चित्रात नदी आहे, नदीवर पूल आहे आणि पलीकडे एक लहान गढी आहे. तुमच्या जुन्या घराचा विषय या पहिल्याच कार्डात येऊन गेला आहे. दुसऱ्या कार्डातील माणूस तर रचून ठेवलेले आठ चषक मागे सोडून, काठी घेऊन डोंगराकडे निघाला आहे. या ओळीत मागे परतणारे कोणीच नाही.

वाईकर

मी थोडे वेगळे मांडतो. हा डेक डिसेंबर १९०९ मध्ये लंडनमध्ये निघाला. तो रेखाटणाऱ्या पामेला कोलमन स्मिथ आणि स्वतः वेट हे दोघेही ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाचे सदस्य होते, आणि त्या मंडळाच्या पद्धतीत टेन ऑफ कप्सला मीन राशीतील मंगळ दिलेला आहे. इतक्या निवांत कार्डात मंगळ का, याचा विचार आपण करत नाही. हेच कार्ड उलटे आले तर वेट संताप आणि हिंसा हे अर्थ देतात. माझ्या मते येथील समाधान आयते मिळालेले नाही; ज्यांनी अवघड गोष्टी वेळेवर बोलून टाकल्या, त्यांचे ते आहे. ताई, तुम्ही लिहिले आहे की भांडण नाही, पण बोलणे टाळले जाते. मला काळजी वाटते ती नेमकी त्याचीच. घराची किंमत, दुरुस्तीचा खर्च आणि प्रत्येकाचा वाटा या गोष्टी सर्वांनी एकत्र बसून स्पष्ट बोलाव्यात. घर विकायचे की नाही, हे मात्र कोणत्याही कार्डावरून ठरवू नये. बांधकाम अभियंत्याकडून पाया आणि भिंती तपासून घ्याव्यात आणि वारसांच्या संमतीबाबत वकिलाचा सल्ला घ्यावा.

कृष्णाकाठची, सांगली

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मुलांनी इंद्रधनुष्य पाहिलेले नाही, ही गोष्ट आजवर माझ्या ध्यानातच आली नव्हती. आमच्या घरी जाऊबाईंना जुन्या घराची ओढ आहे, आणि माझ्या मुलांना मात्र ते घर जेमतेम आठवते. तरीही सगळी भावंडे एकत्र जमली की अगदी मजेत असतात. येत्या रविवारी आम्ही मिरजेला जाऊन हा विषय काढणार आहोत. त्याआधी स्पष्टतेसाठी आणखी एक कार्ड काढावे का?

अजिंक्यतारा, सातारा

काढू नये, असे मला वाटते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर येऊन गेले आहे. जाऊबाईंच्या मनात काय आहे, हे तुम्ही कार्ड काढून कळणार नाही. ते त्यांनाच विचारावे. त्यांची इच्छा असेल तर डेक सोबत न्या, आणि त्यांचा प्रश्न त्यांच्या शब्दांत, त्यांच्याच हाताने विचारू द्या.