मदत हवी आहे: दोन सेलच्या जुन्या टॉर्चसाठी बूस्ट ड्रायव्हर कुठला घेऊ?

मंडळी, आजोबांचा दोन जाड्या सेलचा पितळी टॉर्च एलईडीवर न्यायचं चाललंय. राजगडाच्या रात्रीच्या चढाईला तोच न्यायचाय. "१८६५० (लिथियमचा रिचार्जचा सेल) टाका आणि मोकळे व्हा" हा सल्ला कृपया देऊ नका. गडाच्या पायथ्याच्या किराणा दुकानात अडीनडीला जाडा सेल मिळतो, लिथियमचा मिळत नाही. एरवी मी निकेल मेटल हायड्राइडचे, म्हणजे रिचार्जचे सेल वापरणार. (जाड्या सेलच्या नावाखाली आत पेन्सिल सेलएवढाच माल भरून विकतात, म्हणून मी सरळ २००० एमएएचचे पेन्सिल सेल अडॅप्टरमध्ये घातलेत.)

अडचण उघड आहे. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात. दोन सेल मिळून २.४ देतात आणि संपत आले की २ वर येतात. म्हणजे बूस्ट, व्होल्टेज चढवून देणारा ड्रायव्हर, हवाच.

पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारलं तर दुकानदार म्हणाले, "साहेब, बारा व्होल्टचा न्या, सगळे तोच नेतात." शेवटी एमटी३६०८ या बूस्ट चिपचं मॉड्यूल घेतलं. ते व्होल्टेज स्थिर ठेवतं, मला करंट स्थिर हवा होता. म्हणून त्यावरचा प्रीसेट (व्होल्टेज ठरवायचा फिरता रेझिस्टर) काढला आणि फीडबॅकच्या, म्हणजे चिप आउटपुट मोजते त्या, पायावर एलईडीच्या खालचा रेझिस्टर आणला. फीडबॅक ०.६ व्होल्टचा, त्यामुळे ७०० मिलिअँपला साधारण ०.८६ ओहम. उजेड झकास पडतो, पण त्या रेझिस्टरमध्येच ०.४२ वॅट जातात. एलईडी स्वतः २.१ वॅट खातो, त्यापुढे ही उधळपट्टीच झाली.

खरा त्रास वेगळाच. सेलमध्ये चार्ज शिल्लक असतानाच टॉर्च लुकलुकायला लागतो. चिप २ व्होल्टच्या खाली चालत नाही हे माहीत आहे, पण सेलवर तेव्हा २.३ दिसतात.

तर टीपीएस६१२०० ही दुसरी बूस्ट चिप घेऊ का, जी ०.३ व्होल्टपर्यंत उतरते? की झेडएक्सएससी३१०, जी ०.८ पासून चालते पण ट्रान्झिस्टर बाहेरून लावावा लागतो? दोन्हीपैकी कुणी हाताळली असेल तर सांगा.

प्रतिसाद १
१८६५० टाका. :)

प्रतिसाद २
चिप बदलायच्या आधी मीटर ड्रायव्हरच्या इनपुटवर लावा, सेलवर नको. टॉर्च चालू असताना.

धागाकर्ता
लावला. सेलवर २.३, ड्रायव्हरवर १.९५! एवढे गेले कुठे?

प्रतिसाद २
स्प्रिंग, सरकता स्विच आणि मागच्या झाकणाचे आटे. तुमचा ड्रायव्हर सेलमधून सव्वा ते दीड अँपिअर ओढतो, तेव्हा पाव ओहमसुद्धा ०.३५ व्होल्ट गिळतो. इनपुट २ च्या खाली गेलं की चिप बंद पडते. भार सुटला की व्होल्टेज वर येतं, चिप पुन्हा सुरू होते. तुमचं लुकलुकणं ते हेच. टीपीएस६१२०० लावलीत तर लुकलुक थांबेल, पण वाटेत जळणारी वीज जळतच राहील. शिवाय कमी व्होल्टेजला करंट आणखी वाढतो, म्हणजे तूटही वाढते.

म्हणून आधी स्प्रिंगच्या आतून तांब्याची मऊ वायर डाग देऊन दोन्ही टोकांना जोडा. आटे पॉलिश पेपरने घासा. स्विचच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील, त्याही घासा. मग पुन्हा मोजा.

माझं मत विचाराल तर ही २ व्होल्टची मर्यादा तुमच्या फायद्याची आहे. ओढाताणीत दोनपैकी कमजोर सेल आधी रिता होतो आणि दुसरा त्याला उलटा चार्ज करतो. रिचार्जचा सेल अशानेच मरतो. ०.३ पर्यंत पिळून काढणारी चिप रिचार्जच्या सेलला नकोच. किराणा दुकानातल्या सेलला मात्र चालेल, तो फेकायचाच असतो.

आणि करंट ३५० मिलिअँपवर आणा. रेझिस्टर १.७ ओहम करा, उधळपट्टी ०.२१ वॅटवर येईल आणि सेल तीनेक तास चालतील. पायवाटेला तेवढा उजेड पुरतो.

एक राहिलं. एलईडीची वायर सुटली तर फीडबॅक शून्यावर जातो आणि आउटपुट चढत चढत चिप जाते. आउटपुटपासून फीडबॅककडे ५.१ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर वीज सोडणारा डायोड) टाका, मध्ये काही नको, पण फीडबॅक आणि रेझिस्टर यांच्यात १ किलोओहम घाला.

धागाकर्ता
स्प्रिंगला वायर जोडली, आटे घासले. आता सेलवर २.३ असताना ड्रायव्हरवर २.२ मिळतात, लुकलुक नाही. स्विचच्या पट्ट्या रिव्हेट केलेल्या आहेत, त्या न उखडता आतून कशा घासायच्या?