नॉक सेन्सर इनटेक मॅनिफोल्डच्या मागे: घरी बदलता येईल का?

प्रश्न: चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. स्कॅनरवर पी०३२५ हा दोष-कोड, चढावर पिकअप पडतो. वरून हात पोचत नाही. मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा संच) काढावाच लागेल?

– दादा, आधी सेन्सर विकत घेऊ नका. पी०३२५ म्हणजे नॉक सेन्सरच्या, म्हणजे इंजिनमधली ठकठक कंपनांवरून ओळखणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटमधला दोष. तुटलेली वायर किंवा गंजलेली पिनही हाच कोड देते. उंदरांनी कुरतडलंय का बघा, मग कनेक्टरपासून ईसीयूपर्यंत (इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत) मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे वायर अखंड आहे का, ते तपासा.

– वायर ठीक असेल तर खालून प्रयत्न करा. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर कधीच नाही. लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट लागेल. बोल्ट सॉकेटमध्ये टेपने धरून ठेवा. मॅनिफोल्ड काढलाच, तर इंजिनचे पोर्ट (हवा आत जाण्याची तोंडं) कापडाने झाका आणि गॅस्केट नवीनच घाला.

– खरी चूक बसवताना होते. मधे भोक असलेल्या सेन्सरचा एम८ बोल्ट साधारण २० न्यूटन-मीटरवर आवळतात, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. ब्लॉकचा पृष्ठभाग स्वच्छ हवा, खाली वॉशर नको. सैल राहिला तर कंपनं नीट पोचत नाहीत. जास्त आवळला तर सेन्सरच निकामी होऊ शकतो. अशा जागी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) बसत नाही म्हणून अंदाजाने आवळू नका, लांब एक्स्टेन्शन लावून का होईना, रेंचच वापरा.