मदत हवी आहे: ‘किनाऱ्यावर’ शोधलं की निम्मेच फोटो सापडतात

नमस्कार मंडळी,
कोकणात सहकुटुंब फिरून आलो. आता घरच्यांसाठी फोटोंचं साधं पान बनवतोय, एचटीएमएल हातानेच लिहून. घोडं अडलंय शोधात. ‘किनाऱ्यावर’ टाइप केलं की मी फोटोंखाली लिहिलेल्या ओळी सापडतात, काकांनी लॅपटॉपवर लिहिलेल्या नाहीत. दिसायला अगदी सारख्या!

कारण कळलंय: युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) ‘ऱ्या’ हे जोडाक्षर ‘ऱ’ वापरूनही होतं आणि साधा ‘र’, हलन्त व झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह लावूनही. जावास्क्रिप्टच्या नॉर्मलाइझने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या सोयीने) ही दोन्ही एक होत नाहीत.

शोधण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावं का? त्यात दुसरे शब्द बिघडतील का? कुणी केलंय का हे? तयार लायब्ररी असेल तर उत्तमच. आईला पान दाखवायचंय, त्यामुळे जरा घाई आहे.