विषय: आजीचं वर्ष आणि मलिदा

शालोम मंडळी,

आजीला जाऊन वर्ष होत आलं. काद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची आपली ज्यू प्रार्थना, होईलच, पण मला मनापासून वाटतं की त्याच संध्याकाळी इथे इस्रायलमध्ये अश्दोदला आपण मलिदा, म्हणजे पोहे-नारळाचं प्रसादाचं ताट, करावा, कारण आजीची आठवण काढायची आणि लोकांना नुसत्या चहा-बिस्किटावर घरी पाठवायचं हे मला तरी पटत नाही. तिच्या भायखळ्याच्या दोन खोल्यांमधून कोणी उपाशी गेलेलं मी पाहिलं नाही, पोस्टमन असो, वरच्या मजल्यावरच्या खाला असोत नाहीतर अलिबागहून न कळवता आलेलं अख्खं कुटुंब असो. शुक्रवारी सकाळपासून तिची गडबड, काळ्या मनुका भिजवून चुरून किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं शरबत, मच्छीचा रस्सा, मटण असलं की गोडाला दूध चालत नाही म्हणून सगळं नारळाच्या दुधात, आणि दिवा लावायच्या आत ओटा पुसून कोरडा. शनिवारी शब्बाथ संपून तारे दिसेपर्यंत मग स्टोव्ह पेटायचा नाही. कोकणात आपल्या बेने इस्राएल लोकांना शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, का म्हणायचे ते मला तिच्या त्या बंद स्टोव्हकडे बघून कळलं.

आत्या, तू तिच्या हाताखाली केलंयस, पोह्यांचं प्रमाण कळव ना. इथे पोहे मिळतात, नारळही मिळतात.

---

बाळा, तुझा मेल दोनदा वाचला.

किलोभर जाडे पोहे घे, चार नारळ खोव, साखर अर्ध्या किलोपासून सुरू कर आणि चाखून वाढव. पोहे धुवून चाळणीत निथळत ठेव, पाण्यात बुडवून ठेवलेस तर लगदा होतो, आईला तो अजिबात चालायचा नाही. वेलची, जायफळ, काजू, बदाम, बेदाणे हात सैल सोडून घाल. मधे ढीग आणि भोवती फळं, खजूर, सफरचंद, केळी, जे चांगलं मिळेल ते. झाडाच्या फळांची ब्राखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद, वेगळी आणि केळ्याची जमिनीच्या पिकाची, हे मुलांना आधीच सांगून ठेव. वासाच्या ब्राखासाठी सब्जाची डहाळी मिळाली तर बघ. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे आपल्या एलिया प्रेषिताचं गाणं झाल्याशिवाय ताटाला हात नाही.

पण नुसत्या प्रमाणाने आईचा मलिदा होणार नाही रे. तिच्यासाठी तो बोललेला शब्द होता, नेदर, म्हणजे नवस. तुझे बाबा लहानपणी तापाने फणफणले होते तेव्हा तिने खंडाळ्याच्या एलियाहू हन्नाबीला नेदर बोललं. ते अलिबागजवळचं खंडाळा, घाटातलं नव्हे, जिथे खडकावर एलियाहूंच्या रथाच्या चाकाची खूण आहे असं आपले लोक मानतात. तुझे बाबा बरे झाल्यावर पगाराची वाट न बघता बांगडी मोडून आम्हा सगळ्यांना घेऊन निघाली, भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे एसटी, मांडीवर पोह्यांची पिशवी. तिथे पोचल्यावर मलिदा आधी गावातल्या मुलांना वाटला, आम्हाला शेवटी. वाटेत समाजी हसाजी दिवेकरांची गोष्ट, टिपूच्या कैदेतून सुटलो तर मशीद, म्हणजे आपलं सिनेगॉग, बांधेन असं बोलले आणि 1796 मध्ये बांधली, ती मांडवीची शार हारहमीम. ही गोष्ट तिने आम्हाला इतक्या वेळा ऐकवली की त्या मशिदीत पहिल्यांदा गेले तेव्हा मला ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं. देवाला दिलेला शब्द आणि पाहुण्याला दिलेलं ताट यांत तिने कधी फरक केला नाही, माझा तरी तिच्याबद्दलचा अनुभव हाच.

म्हणून माझं ऐकशील तर हॉलच्या आसपास राहणाऱ्यांनाही बोलव, आपले असोत नसोत.

---

आत्या, दादा, मी ठाण्याहून. मुंबईतला मलिदा आग्रीपाड्याच्या मागेन हसीदीम सिनेगॉगमध्ये करूया, मी तिथे बोलून ठेवते. मिन्यानची, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांची, काळजी नको, ठाण्यातून आम्ही दोन गाड्या करून येतोय. भायखळ्याच्या खालांच्या सुनेला मी फोन केला, ती खजूर आणणार म्हणाली, नको म्हटलं तरी ऐकेना. तुमच्या-आमच्यात अडीच तासांचा फरक आहे, आम्ही रात्री साडेआठला गाणं सुरू करू म्हणजे तुमच्याकडे सहा वाजतील, दादा तेव्हा फोन लाव, स्पीकरवर ठेवू. आत्या, नारळ किती आणू ते उद्यापर्यंत सांग, आमच्याकडे माणसं बरीच होतील.