ताप नसला तरी सीआरपी (शरीरात सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं प्रोटीन) बघा

वर कोणीतरी म्हटलंय की ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, पण म्हाताऱ्या माणसांत हे अजिबात धरून चालू नका. आमच्या आजीला ताप ९८च, फक्त जेवण सोडलं आणि भर दुपारी "दिवे लावा गं" म्हणायला लागली, आम्हाला वाटलं वयामुळे असेल. डॉक्टर घरी आले, बोटाला टोचून थेंबभर रक्त छोट्या मशीनमध्ये घातलं, चारेक मिनिटांत सीआरपी १४० (नॉर्मल साधारण १० च्या आत), मग लघवी तपासली तर इन्फेक्शन तिथेच. फक्त सीआरपी वाढायला सहा-आठ तास लागतात, म्हणून सुरुवातीला नॉर्मल आला तरी दुसऱ्या दिवशी परत करा. संधिवातातही वाढतो हां, नुसत्या आकड्यावर अँटिबायोटिक नको. ईएसआर (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) तर या वयात तसाही चढाच असतो, त्यावरून फारसं कळत नाही.